सुट्टीचं प्लॅनिंग आणि पाचवं कारण (गीता १८.१३ ते १६)



आजचं वाचन अठराव्या अध्यायातलं, श्लोक १३ ते १६. कुठलंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात, असं भगवान अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. शरीराने, वाणीने, मनाने माणूस जे काही करतो, योग्य असो की अयोग्य, त्यामागे ही पाचही असतात. आणि सोळाव्या श्लोकाचा रोख असा, की हे असं असूनही जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसतच नाहीये.

श्लोक युद्धभूमीवरचे आहेत हे मान्य. पण गेला आठवडाभर मी ते इमॅजिकाला जायच्या प्लॅनिंगशेजारी ठेवून वाचतोय. हसू नका. रणांगणावर माणूस निदान आपल्याला ताण आलाय हे कबूल करतो. सुट्टीच्या बाबतीत तेवढंही होत नाही, कारण सुट्टी म्हणजे मजा आणि मजेचा कसला आलाय ताण!

तर परिस्थिती अशी. आम्ही मुळशी तालुक्यात राहतो, माणला. (हिंजवडी, माण, मारुंजी ही आयटीची गावं कागदोपत्री मुळशीचीच. शनिवार-रविवारी अर्धं पुणं मुळशी-ताम्हिणीकडे मन रमवायला येतं आणि आम्ही इथून बाहेर कुठे जायचं याची चर्चा करत बसतो.) डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलीला सुट्टी. माझे आई-बाबा, सासूबाई, आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी, असे सहा जण. सहा म्हणजे आमच्या गाडीत न मावणारा आकडा. तिकिटं तारखेला बांधलेली, गर्दीच्या दिवसांचा दर वेगळा, रांगा टाळायच्या तर एक्स्प्रेस तिकीट वेगळं. काही राइड्सना उंचीची अट, म्हणून मुलीला रोज दाराला टेकवून मोजणं. बाबांचे गुडघे. सासूबाईंचं पथ्य. घाटात ट्रॅफिक लागला तर काय, रिलीज पुढे सरकलं आणि माझी रजाच रद्द झाली तर काय. अजून दीड महिना आहे आणि रात्री साडेअकराला माझा अंगठा रिव्ह्यूज वर सरकवतोय. अमेरिकेतल्या आमच्या नातेवाइकांचं तर विचारू नका. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये जेवायचं टेबल ६० दिवस आधी बुक करता येतं, आणि ते तसं करतातही. दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी दुपारी एक वाजता आपल्याला कुठे भूक लागणार आहे, हे आजच ठरवायचं.

आता ही पाच कारणं बघू. आपण ती पाठ म्हणतो आणि पुढे जातो, पण भाष्यकारांनी त्यांचे अर्थ अगदी नेमके दिलेत. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता म्हणजे उपाधी लागलेला भोक्ता जीव, करणं म्हणजे इंद्रियं, चेष्टा म्हणजे प्राण-अपानादी वायूंचे व्यापार. माउलींचा अठरावा अध्याय तर अठराशेहून अधिक ओव्यांचा आहे आणि ही पाचही कारणं त्यात सावकाश उलगडलेली सापडतील.

या यादीतली पहिली जागा मला थांबवते. पहिलं कारण कर्ता नाही, शरीर आहे. आमच्या एक्सेल शीटमध्ये गाडी, तिकीट, जेवण, राइड्स, परतीची वेळ असे सगळे कॉलम आहेत. शरीराला कॉलम नाही. बाबा किती वेळ उभे राहू शकतात, पोर किती वाजता किरकिर करायला लागते, पहाटे पाचला उठवलेलं घर दुपारी तीनला कोणत्या मूडमध्ये असतं, या गोष्टी ‘ॲडजस्ट होईल’ या नावाखाली जातात. गीतेने मात्र सुरुवातच तिथून केलीय.

आणि पाचवं कारण, दैव. आपण ते ऐकतो आणि ‘नशीब’ असं समजून मोकळे होतो. आचार्यांचा अर्थ वेगळा आहे. डोळ्याला सूर्य, तशा एकेका इंद्रियामागे अनुग्रह करणाऱ्या देवता असतात, ते दैव. डोळा माझा असला तरी उजेड माझा नाही. रामानुजाचार्य इथे थेट अंतर्यामी परमात्माच घेतात. दोन्ही अर्थांत दैव म्हणजे आंधळा योगायोग नव्हे. माझ्या प्रत्येक कृतीत सामील असलेली, मला मदत करणारी, पण माझ्या मालकीची नसलेली अशी ती गोष्ट आहे. प्लॅनिंग करताना तिला आपण ‘रिस्क’ म्हणतो. ज्याच्या कृपेने डोळ्याला दिसतं त्यालाच रिस्कच्या यादीत टाकलेलं बघून मला जरा गंमत वाटते.

इथे काही मंडळी म्हणतील, मग एवढं कशाला, सोडा ना देवावर. त्याची इच्छा असेल तर होईल सगळं छान. कमेंटमध्ये हे येणार हे मला माहीतच आहे, म्हणून आधीच लिहितो. मला हे पटत नाही आणि या श्लोकांनाही पटेल असं वाटत नाही. दैव पाचातलं एक आहे, उरलेली चार त्याने आपल्या हातातून काढून घेतलेली नाहीत. शिवाय घराघरांत नीट बघा, ‘देवावर सोडलं’ म्हणणाऱ्या माणसाचं काम प्रत्यक्षात कोण करतं? सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचे जास्तीचे कपडे, घाटात लागली तर पिशवी, सकाळचे पराठे, हे कोणीतरी आठवणीने भरतंच. बहुतेक वेळा ती घरातली बाई असते. बिनधास्त माणसाचा बिनधास्तपणा दुसऱ्याच्या काळजीवर उभा असतो. त्याला शरणागती म्हणायला मी तयार नाही. आपल्या वाट्याच्या चेष्टा दुसऱ्याच्या अंगावर टाकायच्या आणि वर भक्तीचं नाव द्यायचं, हे फारच सोयीचं झालं.

आधीपासून आखणी करण्यात अश्रद्धा नाही, याला आपल्याकडे केवढा मोठा दाखला आहे. माउलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून. कुठल्या तिथीला कुठे विसावा, कुठे मुक्काम, रिंगण कुठे, सगळं ठरलेलं. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावली ती आजही दिसते. दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या वेगळ्या, रथामागच्या वेगळ्या. पाण्याचे टँकर, तंबूचे ट्रक पुढे गेलेले असतात. आमच्या ऑफिसातले लोक दर वर्षी आळंदी ते पुणे एक दिवस चालतात आणि परत आल्यावर भक्तीइतकंच लॉजिस्टिक्सबद्दल बोलतात. इतकी आखणी असूनही पाऊस आला की वारकरी आखणी फसली म्हणून हळहळत नाही. तो डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतो आणि चालतो.

मग आमच्या सहलीत नेमकं काय बिघडतं? मला वाटतं ताण अनिश्चिततेचा नसतोच. अनिश्चितता तर रोजच्या नोकरीत याहून जास्त आहे. ताण येतो तो मी इतरांच्या आनंदाची हमी घेतो म्हणून. दुसऱ्या अध्यायातला फळावर अधिकार नाही हा विचार आपण परीक्षेला, प्रमोशनला लावतो. तिथे फळ निदान माझ्या हातात पडायचं असतं. सहलीचं फळ कुठे असतं? मुलीच्या मनात, बाबांच्या मनात, बायकोच्या मनात. जे फळ मुळातच दुसऱ्याच्या मनात लागायचं त्यावर मी अधिकार सांगतोय. आणि तो मोडला की मग घराघरांत ऐकू येणारं ते वाक्य येतं: ‘एवढं केलं मी तुमच्यासाठी, आणि तुम्ही तोंडं पाडून बसलात!’ म्हणजे आनंदी राहणं ही आता त्यांची जबाबदारी झाली, माझ्या कष्टांची परतफेड म्हणून. सेवा म्हणून सुरू झालेली गोष्ट वसुलीपर्यंत येते ती इथे. सोळाव्या श्लोकातल्या ‘केवल’ शब्दाचा अर्थ आचार्य ‘शुद्ध आत्मा’ असा घेतात आणि वेदान्ताच्या दृष्टीने तोच खोल आहे. पण घरात वागताना मला त्याचा साधा अर्थही पुरतो: एकटा मीच.

नकाशा बघताना एक गोष्ट लक्षात आली. इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क अष्टविनायकांपैकी दोघांच्या मध्ये येतं. एका बाजूला महडचा वरदविनायक आणि त्याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. आईने अर्थातच हे माझ्याआधी हेरलं होतं. ‘एवढं जातोच आहोत तर दर्शन नको का?’ शीटमध्ये अजून दोन ओळी वाढल्या.

पण पालीची कथा आठवून बघा. बल्लाळ हा कल्याणशेठचा मुलगा. गावातल्या पोरांना घेऊन रानात जायचा, दगडाला गणपती मानून पूजा मांडायचा. एकदा मोठा दगड सापडला, पोरं त्याच्या पूजेत इतकी रंगली की भूक, तहान, घरी परतायची वेळ, काहीच आठवलं नाही. इकडे आईबाप वाट बघून चिडले आणि तक्रार घेऊन कल्याणशेठकडे गेले. तो काठी घेऊन रानात गेला, मांडव मोडला, दगड फेकून दिला, मुलाला मारलं आणि झाडाला बांधून ठेवलं. पुढे गणपती ब्राह्मणाच्या रूपात आला, त्याने मुलाला सोडवलं आणि त्याच्याच नावाने तिथे राहिला. फेकलेला दगड म्हणजे धुंडी विनायक, पालीत त्याचं दर्शन आधी घेतात.

आपण ही भक्तीची कथा म्हणून ऐकतो, ती आहेच. पण ती वेळापत्रक चुकवणाऱ्या पोरांची कथासुद्धा आहे. मुलं खेळात गुंग झाली होती आणि मोठ्यांचा हिशेब चुकत होता, एवढंच तर घडलं होतं. कल्याणशेठ दुष्ट नव्हता हो. गावभरच्या आईबापांची तक्रार त्याच्या दारात आली होती, आजच्या भाषेत सगळं एस्कलेशन त्याच्याकडे. हातात काठी येण्याआधी त्याच्या डोक्यात जे चाललं असेल ते मला अजिबात परकं वाटत नाही. सात वर्षांची मुलगी मोठ्या राइडची रांग सोडून कारंज्यापाशी पाणी उडवत अर्धा तास बसली तर? एक्स्प्रेस तिकिटाचे पैसे गेले असं माझं मन म्हणणार. ते पैसे ज्यासाठी दिले तेच तर ती करत असेल, हे तेव्हा आठवायला हवं, आणि तेव्हाच आठवणं अवघड आहे.

म्हणून मी पूजेतल्या संकल्पाकडे वळलो. गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा किती बारकावे असतात! संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आपण कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलोय ते, गोत्र, नाव, आणि हे कशासाठी करतोय ते. कुठल्याही प्रोजेक्ट प्लॅनच्या पहिल्या पानापेक्षा जास्त नेमकं. आणि हे सगळं बोलून झालं की आपण हातातलं पाणी ताम्हणात सोडतो. मराठीत आपण संकल्प ‘सोडला’ असं म्हणतो, आणि दान दिल्यावर त्यावरचा हक्क सोडायचा तर ‘उदक सोडणं’ म्हणतो. सोडल्यावर पूजा थांबत नाही, खरं तर तिथून ती सुरू होते.

तर आमच्या घरी गेल्या रविवारी असं झालं. सगळ्यांना बसवून प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली, तुला तिथे नक्की काय हवंय. मुलीने एक राइड सांगितली, जिला तिची उंची पुरते. बाबा म्हणाले, ‘मला सावलीत बसायला जागा आणि चहा, बाकी तुमचं चालू दे.’ आईला महडचं दर्शन, सासूबाईंना वेळेवर जेवण. बायको म्हणाली, ‘मला सकाळी डबा करायचा नाहीये.’ हे मात्र मला नवीन होतं. पाच गोष्टी लिहिल्या, त्यांची सोय कोण करणार ते वाटून घेतलं. गाडी मोठी ठरवली, पराठे माझ्याकडे आले. पाली या वेळी नाही, असं आईनेच ठरवलं. उरलेल्या दिवसाला शीटमध्ये ओळच ठेवली नाही. मग देवापुढे बसून सहलीचाच संकल्प केला, आपल्या साध्या मराठीत, मुलीने तारीख आणि वार सांगितला, आणि पळीभर पाणी तिनेच ताम्हणात सोडलं.

रिव्ह्यूज बघायची इच्छा अजून होते. काल रात्रीही झाली. तेव्हा फोन ठेवून हेच चार श्लोक पुन्हा वाचले.

उद्या सतरावा श्लोक. मारूनही मारत नाही असं म्हणणारा, भलताच कठीण आणि गैरसमज करून घ्यायला सोपा. आजचे चार नीट वाचून ठेवा, त्यांच्याशिवाय तो कळत नाही. तुमच्या सुट्टीच्या शीटमध्ये कुठला कॉलम राहिलाय तेही कळवा.

जय हरी.