भावना महत्त्वाची!

"गाणं कुणाचं का असेना सर, भावना महत्त्वाची."

असं मला ऐकवणारे गृहस्थ लता मंगेशकर गेल्यावर सोमवारच्या सुट्टीत घाईघाईने उभ्या केलेल्या श्रद्धांजली कार्यक्रमाचे संयोजक. मागे फ्लेक्स. त्यावर लतादीदींचा फोटो पासपोर्टाएवढा आणि शोकाकुल मंडळींचे चेहरे थाळीएवढे. 'भावपूर्ण'मधला पू ऱ्हस्व, ते असतंच. पुढे एका हौशी जोडीने कराओकेवर 'जब जब फूल खिले'मधलं रफीसाहेबांबरोबरचं द्वंद्वगीत म्हटलं. शशी कपूर-नंदावालं. समोरच्या रांगेत डोळे पुसले गेले. निवेदिका म्हणाली, असा आवाज पुन्हा होणे नाही.

आवाज सुमन कल्याणपूर यांचा होता. सुमनताई तर तेव्हा हयात होत्या. २८ जानेवारी २०२२ ला त्यांना ८५ वर्षं पूर्ण झाली होती. त्या दिवशी आमच्याकडे कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि दहाच दिवसांत त्यांना श्रद्धांजली वाहून मोकळे झाले.

बरं, चूक तरी कोणती निवडावी! साठच्या दशकात दीदी आणि रफी यांचं रॉयल्टीवरून बिनसलं. गायकालाही गाण्याच्या कमाईत वाटा मिळायला हवा, असं दीदींचं म्हणणं. एकदा बिदागी घेतली की आपला हक्क संपला, असं रफींचं. काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. त्या काळात रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंकडे गेली, आणि हा १९६५ चा चित्रपट त्याच अबोल्यातला. म्हणजे जी गाणी दीदींनी गायला नकार दिल्याच्या दिवसांतली, त्यातलंच एक शोधून काढून आपण दीदींसाठी रडलो.

हे मी संयोजकांना सांगितलं. उत्तर वर दिलंच आहे.

आता या उत्तराचा मी आठवडाभर विचार करतोय. आपण उसाच्या गावात राहतो. वजनकाट्यावर ट्रॉली उभी राहिली आणि काटेवाला म्हणाला, "वजन किती का भरेना भाऊ, तुमची भावना महत्त्वाची," तर हेच संयोजक काय करतील? २०२१-२२ च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे रास्त भाव, क्विंटलमागे २९० रुपये होती, तीही दहा टक्के साखर उताऱ्याला. उतारा कमी आला तर भावनेपोटी दहा धरा, असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. काट्यावर पाच किलोंची शंका आली तरी आपण रस्ता अडवतो. तिथे भावना घरी ठेवून येतो. मग गाण्याच्याच बाबतीत डोळे मिटून 'काहीही चालेल' कसं होतं? जिथे आपलं काही जात नाही तिथेच भावना एवढी महत्त्वाची ठरते, असा माझा संशय आहे. तिला ना उतारा लागतो ना काटा. रडलं की झालं. गायिकेचं नाव विचारणारा म्हातारा मात्र दगडाच्या काळजाचा.

आणि ज्या बाईसाठी हे चाललंय, तिने तरी असं कधी म्हटलं का? दिलीपकुमार यांची ती लोकलमधली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, असं ते बोलून गेले. विशीच्या आतली लता तेव्हा म्हणू शकली असती, उच्चार कसे का असेनात साहेब, भावना महत्त्वाची. तिने उर्दूची शिकवणी लावली. रेकॉर्डिंगला ती चपला काढून उभी राहायची. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले, आणि त्याच वर्षी बारा-तेरा वर्षांची ही मुलगी 'पहिली मंगळागौर'साठी कॅमेऱ्यासमोर उभी होती, कारण घरात खाणारी तोंडं होती. शोक तिलाही होता. तो तिने नुक्त्याच्या आणि श्रुतीच्या हिशेबात जराही गफलत न करता पुढची सत्तर वर्षं वापरला. पैशाच्या बाबतीतही ती चोख होती. रॉयल्टीसाठी रफींसारख्या देवमाणसाशी अबोला धरणारी. आपण मात्र तिची मऊ, दुधाळ मूर्ती करून ठेवली. मूर्तीचं एक बरं असतं. तिला गाणं चुकलेलं कळत नाही.

बाकीच्या सबबी इतक्या किरकोळ आहेत की त्यांच्यावर शाई घालवत नाही. मुलांना कळावं म्हणून गाणी लावतो म्हणणाऱ्यांची मुलं बाहेर क्रिकेट खेळत होती. सगळेच स्टेटस ठेवतात म्हणणाऱ्यांनी तीस सेकंदांत मुखडा संपवला. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. दुसरा अंतरा त्यातच बसवायला संगीतकार रात्री जागवत. तो दुसरा अंतरा कुणी ऐकत नाही हे माझं जुनं दुखणं आहे, वाचकांना ते पाठ झालं असेल. शिवाजी पार्कवर दीदींच्या अंत्यदर्शनाला शाहरुखने दुआ मागून फुंकर घातली की आणखी काही, यावर ज्यांनी आठवडा काढला त्यांना तर पहिला अंतराही नको होता. दीदींच्या स्मारकावरून भांडणाऱ्यांना अखेर त्यांचे भाऊ हृदयनाथ यांनीच आवरा म्हणून सांगितलं.

एक मात्र कौतुकाने ऐकलं. "आपली खान्देशची नात गेली." हे खरं आहे. प्रकाशा, सारंगखेडा करत तापीच्या काठाने वर गेलं की थाळनेर लागतं. दीदींच्या आई माई मंगेशकर तिथल्या लाडांच्या घरातल्या, आणि लहानग्या लताने गुजराती गरबे, लोकगीतं आजीकडून उचलली. आमच्या भागात आजही लग्नात तसलीच गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांची गाणी कुणी लिहून घेतोय का, असं मी नातीचा अभिमान सांगणाऱ्या एका तरुणाला विचारलं. त्याने मोबाइल काढला. मला वाटलं, रेकॉर्डिंग दाखवतोय. त्याचा दीदींच्या फोटोबरोबरचा सेल्फी होता.

जाऊ द्या. सुमनताईंच्या आवाजावरून त्या काळात रेडिओ ऐकणाऱ्या भल्याभल्यांचा घोटाळा होत असे, तिथे आमच्या संयोजकांना किती धारेवर धरायचं? शिवाय साखर कारखान्याच्या गावात बिनसाखरेचा चहा मागणाऱ्या माणसाला लोक तसेही फार मनावर घेत नाहीत.

गुरुवारी असाच चहा मागून टपरीवर बसलो होतो. समोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग खोळंबलेली. एका ट्रॅक्टरवाल्याच्या स्पीकरवर तेच द्वंद्वगीत, काळजाला धक्के देणाऱ्या बेससकट. पण नंबर लागत नव्हता म्हणून त्याने ते पूर्ण वाजू दिलं. दुसरा अंतरासुद्धा. मी न राहवून जवळ गेलो आणि सांगितलं, बाबा रे, ही लता नव्हे, ही सुमन कल्याणपूर.

"मंग तिले काय जायं?"

काही नाही, म्हटलं, त्या बऱ्या आहेत.

"मंग चांगलंच शे ना, काका," तो म्हणाला, आणि आवाज आणखी वाढवला.