युक्ति आणि लबाडी

युक्ति आणि लबाडी यांच्यामधील सीमारेषा नेमकी कोठें काढावयाची, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून जितका चर्चिला गेला आहे, त्याहून अधिक तो रोजच्या व्यवहारांत उभा राहतो. वकील कायद्यांतली पळवाट शोधतो, व्यापारी कराच्या कलमांचा कीस काढतो, विद्यार्थी परीक्षकाचा रोंख ओळखून तेवढेंच पाठ करतो. यांपैकीं चतुर कोण व लबाड कोण, याविषयीं दोन सुज्ञ माणसांचें एकमत होईलच असें नाहीं. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास मोटारींच्या शर्यतीइतकें सोयीचें क्षेत्र दुसरें क्वचितच सांपडेल, असें म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. मोटारींच्या शर्यती म्हणजे श्रीमंतांची चैन, आणि घरची गाडी उलगडून तींत मनाजोगे फेरफार करणें म्हणजे रिकामटेकड्या तरुणांचा छंद, अशी आपणां मध्यमवर्गीयांची सर्वसाधारण समजूत आहे. परंतु त्या क्षेत्रांत नियम लेखी असतात, ते मोजमापानें पडताळतां येतात, आणि ते चुकविण्यासाठीं अत्यंत तल्लख माणसें आपली सारी बुद्धि पणाला लावतात. त्यामुळें नीतीचा जो प्रश्न इतरत्र धूसर राहतो, तो तेथें लोखंडांत ओतल्यासारखा डोळ्यांपुढें येतो.

पहिलें उदाहरण इंग्लंडांतील आहे. ऑस्टिन सेव्हन ही तेथील साध्या गृहस्थाची लहान व स्वस्त गाडी. अशी एखादी जुनी गाडी घ्यावी, घरच्या घरीं तिचे भाग सुटे करावे, स्वतःच्या हातानें तिला नवें रूप द्यावें आणि शर्यतींत उतरवावें, असा छंद असणाऱ्या मंडळींनीं १९३९ सालीं ‘सेव्हन-फिफ्टी मोटार क्लब’ ही संस्था काढली. केवळ पैशाच्या जोरावर कोणी जिंकूं नये, म्हणून इंजिन ऑस्टिनचेंच असावें असें बंधन त्यांच्या शर्यतींत होतें. त्या इंजिनाला सिलिंडर चार, परंतु हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण आंत जाण्याचीं तोंडें दोनच होतीं. एका तोंडावर दोन सिलिंडरांची तहान भागवावयाची. एकानें ओढून घेतलें कीं दुसरा अर्धपोटीं राहावयाचा. १९५१ सालीं कॉलिन चॅपमन नांवाच्या तरुण इंजिनियरानें ह्या प्रत्येक तोंडाच्या आंत मधोमध पडदा घालून दोन मार्गांचे चार मार्ग केले. अशा पडद्याला नियमांत कोठेंही मनाई नव्हती. त्याची गाडी इतरांना इतकी मागें टाकूं लागली कीं, क्लबाला ती युक्ति पुढें नियम करून बंद करावी लागली. ह्याच चॅपमनच्या लोटस कंपनीनें नंतर जगज्जेत्या मोटारी बांधल्या.

चॅपमननें कांहीं अनुचित केलें काय? माझ्या मतें नाहीं. शर्यतीचे नियम ही निसर्गानें घातलेली मर्यादा नव्हे. खेळ खेळतां यावा म्हणून खेळाडूंनीं आपण होऊन पत्करलेली ती अडचण आहे. तिच्या आंत राहून जास्तींत जास्त काय साधतां येतें हें पाहणें हाच तर खेळ. जेथें नियम बोलत नाहीं तेथें बुद्धीनें बोलावें, हें खेळाडूंना मान्यच असतें. क्लबानेंही चॅपमनला लबाड ठरविलें नाहीं. त्यानें आपला नियम सुधारला.

दुसरें उदाहरण इतकें सरळ नाहीं. मोटार जमिनीला जितकी घट्ट चिकटेल तितकी ती वळणावर वेगानें जाऊं शकते. हा दाब निर्माण करणारे हलते भाग वापरूं नयेत, असा नियम होता. १९७८ सालीं स्वीडनमधील आंडरस्टॉर्प येथील शर्यतींत ब्रॅबहॅम संघानें गॉर्डन मरे ह्या रचनाकाराची जी मोटार आणली, तिच्या पाठीमागें एक मोठा पंखा होता. तो मोटारीखालची हवा खेंचून घेई, आणि मोटार रस्त्याला जणूं चोखून धरली जाई. प्रतिपक्षानें हरकत घेतली, तेव्हां संघाचें उत्तर तयार होतें: पंख्याचें मुख्य काम इंजिन थंड करण्याचें आहे! तो इंजिन थंड करीत होता हें खरेंही होतें. निकी लाउडानें ती शर्यत अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतरानें जिंकली. विजय कायम राहिला. पंखा मात्र पुन्हां कधीं शर्यतींत दिसला नाहीं.

पंख्याविषयींचें हें उत्तर ऐकून मराठी वाचकाला ‘नरो वा कुंजरो वा’ आठवल्याशिवाय राहणार नाहीं. अश्वत्थामा नांवाचा हत्ती खरोखरच मेला होता. धर्मराजाच्या वाक्यांतला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही पृथ्वीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ खालीं आला. शब्द खरे असून हेतु खोटा असूं शकतो, हें व्यासांनीं रथाच्या चाकांवरूनच सांगितलें आहे. परंतु मरे याच्या बाजूनें एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याचा पंखा सर्वांसमक्ष फिरत होता. परीक्षकांना तो पाहतां येत होता, मोजतां येत होता, नाकारतां येत होता. अर्धसत्य त्याच्या बचावांत होतें, यंत्रांत नव्हतें. म्हणूनच त्याचा निकाल सरळ लागला.

तिसरें उदाहरण निराळ्या जातीचें आहे. दूरदूरच्या रस्त्यांवर चालणाऱ्या रॅली-शर्यतींत इंजिनाची शक्ति मर्यादित राहावी, म्हणून हवा ज्या वाटेनें आंत जाते तेथें ठराविक मापाचें कडें बसवावें लागतें. १९९५ सालीं टोयोटा संघाच्या गाड्यांत असें आढळलें कीं, सर्व भाग जोडलेले असतांना कडें किंचित् सरकून बाजूनें जास्त हवा आंत शिरते. परंतु तपासणीसाठीं नळी सोडवूं लागतांच लपविलेल्या स्प्रिंगांच्या योगानें कडें आपल्या जागीं येऊन बसतें. म्हणजे परीक्षक पाहूं लागला कीं यंत्र सज्जन होई! आंतरराष्ट्रीय मोटार-महासंघाचे तेव्हांचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनीं तीस वर्षांत इतकी कुशल रचना आपण पाहिली नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढले. आणि संघाचे त्या वर्षाचे सर्व गुण काढून घेऊन त्याला बारा महिने शर्यतींतून दूर ठेवण्यांत आलें. कौशल्याचें कौतुक आणि शिक्षा हीं दोन्ही एकाच तोंडून यावीं, यांत विसंगति नाहीं. कौशल्य हा गुण बुद्धीचा आहे. शिक्षा झाली ती त्या बुद्धीनें पत्करलेल्या नोकरीबद्दल.

ह्या तीन उदाहरणांवरून सीमारेषा कोठें पडते तें पाहूं. ती गुप्ततेवर पडत नाहीं. चॅपमननें आपली युक्ति प्रतिस्पर्ध्यांना आधीं सांगत बसावें अशी कोणीही अपेक्षा करणार नाहीं. बुद्धिबळांत पुढची खेळी सांगून कोणी खेळत नाहीं. ती रेषा नियमाच्या अक्षरांत व आशयांत पडणाऱ्या अंतरावरही नाहीं, कारण खेळाच्या नियमाचा आशय बहुधा त्याच्या अक्षरांतूनच शोधावा लागतो. माझ्या मतें प्रश्न एवढाच विचारावा: वस्तु तपासली जात असतांना जशी आहे, तशीच ती तपासली जात नसतांना आहे काय? प्रतिस्पर्ध्यापासून लपविणें हा डाव आहे. परीक्षकापासून लपविणें ही लबाडी आहे. आणि ह्या भेदाला एक व्यावहारिक कारणही आहे. उघड युक्तीनें नियम शहाणा होतो. चॅपमनमुळें एक नियम वाढला, मरेमुळें एका कलमाचा अर्थ ठरला. परंतु लपविलेल्या युक्तीनें नियम शहाणा होत नाहीं. त्याच्याच सहीनें खोट्याला खरेपणाचा दाखला मिळत राहतो.

येथवरचा विचार खेळापुरता झाला. खेळांत फसला जातो तो दुसरा खेळाडू. त्यानें त्या रिंगणांत पाय ठेवला तो स्वखुशीनें. परंतु टोयोटाच्या कड्यामागें जी कल्पना होती, तीच पुढें रस्त्यावर उतरली. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें फोक्सवागन कंपनीवर आरोप ठेवला, आणि कंपनीला तो कबूल करावा लागला. तिच्या डिझेल मोटारींतील संगणकाला, चाकाची हालचाल, वेग, काळ इत्यादि खुणांवरून, आपली परीक्षा चालली आहे हें ओळखतां येत असे. परीक्षा चालूं असेपर्यंत धूर स्वच्छ. मोटार रस्त्यावर आली कीं नायट्रोजनचीं विषारी ऑक्साइडें मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत. जगभर अशा सुमारें १ कोटि १० लक्ष मोटारी होत्या. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें केलेल्या चांचण्यांतही प्रयोगशाळेंतले व रस्त्यावरचे आंकडे जुळेनात, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीनें भारतांतील सुमारें सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याचें जाहीर केलें. ह्या खेळांत हरलें कोण? ज्यानें श्वास घेतला तो. तो कोणत्याही शर्यतींत उतरलेला नव्हता. शर्यत चालूं आहे हेंही त्याला ठाऊक नव्हतें.

शिक्षणसंस्था ह्या रोगापासून अगदींच मुक्त आहेत असें मानूं नये. तपासणी समिती येणार म्हटलें कीं ग्रंथालयाचीं कपाटें पुसलीं जातात, प्रयोगशाळेंतलीं उपकरणें खोक्यांतून बाहेर येतात, आणि समितीची पाठ वळली कीं पुन्हां खोक्यांत जातात. कड्यामागची स्प्रिंग ती हीच.

आतां आपल्या दाराशीं येऊं. गाडींत फेरफार करणारे तरुण आपल्या गांवोगांवीं आहेत. मोटारसायकलीचा सायलेन्सर बदलून फटाक्यांसारखा आवाज काढणारे सर्वांनाच माहीत आहेत. पोलिसांनीं असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखालीं चिरडल्याचीं छायाचित्रेंही वृत्तपत्रांत येतात. ‘गाडी माझी, पैसा माझा, मग तुमची हरकत कां?’ हा त्यांचा युक्तिवाद. परंतु गाडी तुमची असली तरी आवाज तुमचा राहत नाहीं. तो शेजारच्या घरांतल्या आजाऱ्याच्या उशाशीं जातो. मालकी वस्तूवर असते, तिच्या परिणामांवर नसते. आणि जो तपासणीच्या दिवसापुरता मूळ सायलेन्सर बसवून नेतो, तो आपल्या परीनें टोयोटाचें कडेंच चालवीत असतो. किंबहुना रस्त्यावर चॅपमनचा न्यायही पुरा पडत नाहीं. नियम गप्प आहे म्हणून मी मोकळा आहे, हें वाक्य रिंगणांत शोभतें, कारण तेथें सर्वांनीं तोच करार केलेला असतो. रस्त्यावर चालणाऱ्या म्हातारीनें कोणाशींही करार केलेला नाहीं. तिच्या बाबतींत नियमाचें अक्षर पुरेसें नाहीं, त्याचा हेतुही पाळला पाहिजे. आणि तो हेतु ती सुखरूप घरीं पोंचावी हाच आहे.

याचा अर्थ हाताला काळें लावून घेणाऱ्या प्रत्येक तरुणाकडे संशयानें पाहावें असा नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, कारखानदारानें दिलेला मूळ तपशील आणि नोंदणीपत्रांतील तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकानें करूं नये. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें कलम उचलून धरलें. असा सरसकट नियम कधीं कधीं सज्जनासही जाचतो, हें मान्य केलें पाहिजे. परंतु त्याच कायद्यानें उघड वाटही ठेविली आहे. मान्यताप्राप्त गॅसची टाकी बसवून ती नोंदणीपत्रांत दाखल करून घेतां येते. अपंग माणसाला चालवितां यावी म्हणून गाडींत बदल करतां येतो. मागें दोन जादा चाकें लावलेली स्कूटर आपल्या शहरांत कोणी पाहिली नाहीं? कारखान्यानें ज्याचा विचार केला नव्हता, त्या माणसाला एखाद्या मिस्त्रीच्या हातोड्यानें चाकें दिलीं. फेरफाराची इतकी सुंदर साक्ष दुसरी नसेल. आणि ज्यांना वेगाचीच ओढ आहे, त्यांनाही रिंगण मोकळें आहे. २००७ सालीं सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेंत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बांधलेली गाडी घेऊन मध्यप्रदेशांतील पिथमपूरला जात आले आहेत. पुण्यामुंबईचे संघही त्यांत असतात. गाडी धावण्यापूर्वीं ती परीक्षकांपुढें उभी करावी लागते, आणि ब्रेक दाबतांच चारही चाकें एकदम आवळलीं गेलीं नाहींत तर तिला पुढें जाऊं देत नाहींत. महिनेन् महिने खपलेल्या मुलांना तो नकार किती झोंबत असेल! पण ज्या विद्यार्थ्यानें तो सोसला व रात्र जागून ब्रेक नीट केला, त्यानें पदवीच्या कागदाहून मोलाची वस्तु मिळविली.

कारण सरतेशेवटीं हा प्रश्न यंत्राचा नाहीं. यंत्राला हेतु नसतो. आपण जो हेतु त्यांत बसवूं तो तें इमानानें पार पाडतें. म्हणून मुलानें गाडी उलगडली तर त्याला रागें भरूं नये. त्याला एवढेंच विचारावें, कीं तूं जें केलें आहेस तें परीक्षकापुढें बॉनेट उघडून दाखवितां येईल काय, आणि ज्यांच्या अंगावरून ही गाडी धूर व आवाज सोडीत जाणार त्यांनाही दाखवितां येईल काय? दोन्ही प्रश्नांचें उत्तर ‘होय’ असेल, तर त्याच्या हातांत पाना खुशाल राहूं द्यावा.