घरी असणे म्हणजे काय?

पोटापाण्यासाठी घर सोडावे लागणे ही बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंबांना नवी गोष्ट नाही. किंबहुना आज आपण ज्या गावी राहतो, तेथे आपण असण्याचे कारणच ते आहे. अठराव्या शतकात होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांबरोबर आणि दफ्तरांबरोबर जी घराणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आली, ती चाकरीच्या निमित्तानेच आली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील मुले त्याच निमित्ताने मुंबई-पुण्यास, बंगळुरूस आणि समुद्रापार गेली. घर एकीकडे आणि चाकरी दुसरीकडे, हे आपण गृहीतच धरले होते.

संगणकाच्या व्यवसायाने हे गृहीत मोडले. काम दूरसंचाराच्या साहाय्याने माणसापर्यंत आणता येईल, या कल्पनेला अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ साली ‘टेलिकम्युटिंग’ हे नाव दिले, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो रस्त्यांवरील गर्दीचा. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती कल्पना सक्तीची झाली आणि टाळेबंदी उठल्यावरही अनेक प्रोग्रामरांचे काम घरीच राहिले. त्यामुळे इंदूरच्या वाड्यातील माडीवर बसून न्यूयॉर्कच्या कंपनीची आज्ञावली लिहिणारा मुलगा आता दुर्मीळ राहिलेला नाही. ज्या घरांत केवळ दोन वृद्ध उरले होते, तेथे पुन्हा चार पाने मांडली जाऊ लागली. या सुखाला कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही एक प्रश्न उरतो: तो घरात आहे हे खरे, पण तो घरी आहे काय?

यावर असे म्हटले जाईल की, घरात बसून काम करणे ही तर आपली जुनीच रीत आहे. महेश्वरच्या विणकराचा माग घरातच असे. हे खरे आहे. परंतु तो माग घरातील सर्वांना दिसे. पोर कांड्या भरी, बायको सुताची निगा राखी, आणि बापाच्या हातून काय उतरते आहे हे साऱ्यांना कळे. पुढे गिरण्या आल्या. भोंगा वाजला की माणूस बाहेर जाई आणि पाळी संपली की परत येई. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तेथील श्रम कष्टाचे होते, पण गिरणीतला माग कुणाला जेवणाच्या पाटावर आणता येत नसे.

प्रोग्रामरच्या कामात या दोन्ही सोयी नाहीत. त्याचे काम घरात असूनही घरच्यांना दिसत नाही. मुलाला दिसते ती बापाची पाठ आणि उजळलेला पडदा. शिवाय त्याचा माग त्याच्या डोक्यात असतो. आज्ञावलीतील एखादा दोष शोधताना अनेक धागे एकाच वेळी मनात धरावे लागतात, आणि दाराशी आलेल्या एका साध्या प्रश्नाने ते सुटतात. म्हणून तो त्रासतो, यात त्याचा स्वभावदोष असेलच असे नाही. पुढे तो जेवायला येतो तेव्हाही तो दोष त्याच्याबरोबर पानावर बसतो. त्यातच घड्याळाची अडचण. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ होतात तेव्हा आपल्याकडे, ऋतुमानाप्रमाणे, संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात वाजलेले असतात. दिवेलागणीची वेळ, जेव्हा पूर्वी मुले आजीपाशी पाढे म्हणत, ती त्याच्या मीटिंगची वेळ ठरते.

याची किंमत कोण देते, हा खरा नैतिक प्रश्न आहे. मीटिंग सुरू झाली की दूरदर्शनसंचाचा आवाज उतरतो, कुकरची शिटी लांबणीवर पडते, आई खुणेने चहाचे विचारते आणि आजोबा खोकला दाबतात. हे मौनही श्रमच आहेत, पण त्यांची नोंद कोणत्याही पगारपत्रकात होत नाही. आणि हाच संगणक घेऊन हेच काम सून करू लागली की न्याय बदलतो. मुलगा घरात असला तरी तो ‘कामावर’ असतो. सून कामावर असली तरी ती ‘घरीच तर असते’. दूध उतू जाऊ नये म्हणून मीटिंगमधून उठायचे कुणी, याचे उत्तर अनेक घरांत न विचारताच ठरलेले असते. एकाच कामाला दोन मापे लावणाऱ्या घराने कंपनीच्या अन्यायाबद्दल बोलावे, हे शोभत नाही.

कायद्याने यातले काही साधेल. कामाची वेळ संपल्यावर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून अमलात आला. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. पण कायदा फार तर मालकाचा हात अडवील. जेवताना मन कोठे असावे, हे तो सांगू शकणार नाही.

सान्निध्य अंतरावर अवलंबून नसते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. १८७९ साली हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. त्या वीतभर कागदावर परगावचा माणूस गाय व्याली का, वहिनींचा ताप उतरला का, धाकट्याची मुंज कधी, हे सारे विचारी. लिहिण्याची ती दहा मिनिटे त्याचे चित्त संपूर्णपणे घरी असे. तो शेकडो कोस दूर होता, पण आपण दूर आहोत हे तो जाणून होता. म्हणूनच ती दहा मिनिटे तो जपून खर्च करी. आज घरात बसलेल्या माणसाला आपल्या दूरत्वाची जाणीवच होत नाही. दिवसभर आपण घरातच होतो, मग आणखी वेळ तो कोणता द्यायचा, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. कामाला दिलेले तास तो नकळत घरच्यांच्या खात्यावरही मांडतो. माझ्या मते दोष आहे तो या दुहेरी हिशेबात.

तेव्हा कर्तव्य काही फार मोठे नाही. आपण कोणत्या वेळी नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगावे. ती वेळ स्त्रीची असली तरी तिला तोच मान मिळावा. आणि इतरांनी पाळलेल्या मौनाचे ऋण मानावे. ‘आठ वाजता येतो’ असे मुलाला सांगितले असेल, तर आठ वाजता पडदा मिटून, मन मोकळे करून त्याच्यापाशी जाऊन बसावे. परगावी राहणाऱ्यांना सुट्टीचा दिवस ठरवून घरी यावे लागे. माडीवर राहणाऱ्यालाही रोज जिना उतरून घरी यावेच लागेल.