चाल आणि आवाज

मोटारसायकलच्या इंजिनात पेट्रोल पेटते आणि जळालेला वायू दाबाने बाहेर पडतो. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना असा एक हिसका बसतो. मिनिटाला 3,000 फेरे होत असतील तर सेकंदाला 25 हिसके. सायलेन्सरमधले कप्पे, छिद्रांच्या नळ्या आणि काचलोकर हे हिसके अडवतात, परतवतात आणि बोथट करतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 120 प्रमाणे प्रत्येक गाडीला असे साधन असावेच लागते. ‘फटाका’, ‘इंदोरी’, ‘पंजाब’ अशा नावांनी जे सायलेन्सर नांदेड-लातूरकडच्या बुलेटला बसवले जातात, त्यांत हे कप्पे नसतात किंवा नावापुरते असतात. कार्बोरेटरच्या जुन्या बुलेटवर फटाका काढण्याची रीत ठरलेली आहे. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करायची, मूठ पिळायची आणि चावी पुन्हा चालू करायची. तेवढ्या वेळात न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत शिरते आणि तिथेच पेट घेते. या बाराने गाडीचा वेग वाढत नाही, ताकदही वाढत नाही. तो फक्त ऐकवण्यासाठी असतो.

नीतीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. गिरणीचा, ट्रॅक्टरचा किंवा बोअरच्या मशीनचा आवाज कामाबरोबर येतो. तो कमी करता आला तर मालकालाही ते हवेच असते. फटाका सायलेन्सरचा आवाज मुद्दाम पैसे मोजून विकत घेतलेला असतो, आणि ज्यांच्या कानी तो पडावा म्हणून घेतला जातो त्यांना कोणी विचारलेले नसते. स्वतःच्या मालकीच्या वस्तूतून निघालेला आवाज स्वतःचा असतो का, आणि तो दुसऱ्याच्या घरात शिरला की त्यावर कोणाचा हक्क चालतो?

कायदा याचे उत्तर आकड्यांत देतो. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार नव्या दुचाकीच्या आवाजाची कमाल मर्यादा 80 सीसीपर्यंत 75 डेसिबल, 175 सीसीपर्यंत 77 आणि त्यापुढे 80 डेसिबल आहे. हे आकडे 2005 पासून लागू आहेत. मोजमाप मोकळ्या चाचणी-मार्गावर, गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर माइक ठेवून होते. लोकांच्या घराचा उंबरा मात्र साडेसात मीटरवर नसतो. जुन्या वस्तीतल्या बोळात खिडकी दोन मीटरवर असली, तर अंतर घटल्यानेच तोच आवाज सुमारे 11 डेसिबलने वाढतो, आणि समोरासमोरच्या भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो तो वेगळाच. डेसिबलची शिडी सरळ चढत नाही: 10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. कंपनीची गाडी मर्यादेत असूनही बोळात जोरात वाजते ती यामुळे; कप्पे काढलेल्या गाडीबद्दल तर बोलायलाच नको.

वस्तीसाठी दुसरे आकडे आहेत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सहा. हे आकडे ठरावीक काळाच्या सरासरीचे आहेत, आणि सरासरीत एक मोठी गोष्ट हरवते. रात्री दोन वाजता एक बुलेट बार काढून गेली, तर तासाची सरासरी फारशी हलणार नाही. पण रस्त्यालगतचे प्रत्येक घर जागे झालेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांत झोपण्याच्या खोलीसाठी 30 डेसिबलची सरासरी सांगून, एकेका आवाजाचा कळस 45 डेसिबलच्या वर जाऊ नये असे स्वतंत्रपणे नोंदवले, ते याच कारणाने. दचकणे सरासरीत मोजता येत नाही.

दचकवणे हाच दोष आहे, हे सात शतकांपूर्वी याच मराठीत अतिशय बारकाईने मांडले गेले. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गीतेतला ‘अहिंसा’ हा एक शब्द उलगडताना ज्ञानेश्वर आधी अहिंसकाच्या पावलांकडे पाहतात: पाण्यावरची लाट मोडू नये असा बगळा पाऊल टाकतो, कमळातला केसर चुरगळू नये असा भुंगा बसतो, तशी त्याची चाल. मग ते वाचेकडे वळतात. बोलायची वेळ आलीच तर त्या माणसाला धास्ती वाटते, की कोणाची चाललेली गोष्ट मोडेल, कोणी भिऊन उडेल, कोणाची भुवई वर जाईल. इथे कोणाला मारण्याचा किंवा शिवी देण्याचा विषयच नाही. समोरचा माणूस आपल्या कामात, आपल्या झोपेत, आपल्या बोलण्यात आहे, आणि त्याचे ते असणे आपल्यामुळे तुटू नये, इतकीच काळजी आहे. हिंसेची रेघ इतक्या अलीकडे ओढणारा विचार जगात थोडाच सापडेल.

चाल आणि आवाज यांना एकाच नियमात बांधणारे ज्ञानेश्वर एकटे नाहीत. जैन मुनींच्या पाच समित्यांपैकी पहिली ईर्या, म्हणजे चालण्यातली सावधता, आणि दुसरी भाषा, म्हणजे बोलण्यातली. बौद्ध विनयातील सेखिय नियमांत भिक्षूने लोकवस्तीतून जाताना आवाज कमी ठेवावा असे स्पष्ट सांगितले आहे. कुराणातील लुकमान या सूरेत पिता मुलाला उपदेश करतो, त्यात चालीत संयम ठेव आणि आवाज खाली ठेव या दोन गोष्टी एकाच आयतीत येतात. या चारही परंपरांची माणसे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत शेजारी-शेजारी राहतात. रस्त्यावरून जाणारा माणूस अनोळखी घरांसमोरून जातो, त्या घरांत काय चालले आहे ते त्याला ठाऊक नसते, म्हणून त्याने हलके जावे, हे सगळ्यांनी वेगवेगळ्या वाटांनी ओळखले. मोटारसायकलवर तर चाल आणि आवाज वेगळे उरतच नाहीत. गाडीची चाल हाच तिचा आवाज असतो. त्यामुळे हे जुने नियम तिला ताणून लावावे लागत नाहीत.

युरोपात शोपेनहावर या जर्मन तत्त्वज्ञाने 1851 च्या ‘पारेर्गा उंट पारालिपोमेना’ या ग्रंथात गावातून विनाकारण चाबूक फटकारत जाणाऱ्या गाडीवानांवर एक संतप्त प्रकरण लिहिले. निरुपयोगी आवाजाचा दोष त्याने अचूक हेरला, पण त्याची तक्रार मुख्यतः विचारवंताची तंद्री मोडते याबद्दल होती आणि गाडीवानाबद्दल त्याच्या मनात तुच्छता होती. ज्ञानेश्वरांच्या मांडणीत ऐकणारा कोणीही असू शकतो. त्याला बुद्धिमान असण्याची अट नाही. ही मांडणी अधिक न्यायाची आहे.

ऐकणारा कोण आहे हे ठाऊक नसणे म्हणजे काय, याचे उत्तर मराठवाड्यात तरी फार शोधावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. पुढे 2006 नंतर काही वर्षे नांदेड शहरात सौम्य धक्के बसत राहिले आणि त्यांच्याबरोबर जमिनीतून आवाज येत. लोक रात्री घराबाहेर येऊन बसत. अशा मुलखात रात्रीचा अचानक बार साऱ्यांना सारखा ऐकू येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे शरीर तो आवाज कशाचा हे कळण्याआधीच उठून उभे राहू शकते. शिवाय लातुरात बाहेरगावची हजारो मुले भाड्याच्या खोल्यांतून बारावी, नीट आणि जेईईचा अभ्यास करतात. ध्वनी नियमांतील शांतता क्षेत्राच्या व्याख्येत रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये आणि धार्मिक स्थळांभोवतीचे 100 मीटर येतात. या मुलांच्या खोल्यांचा वेगळा उल्लेख तिथे नाही, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर शासनाने घोषित केल्याशिवाय कोणताच परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही. कायद्याची रेघ जिथे संपते तिथेही अभ्यास करणारे मूल असतेच.

बुलेटस्वार बचावात तीन गोष्टी सांगतात. पहिली सुरक्षिततेची: आवाज मोठा असला की समोरचा सावध होतो. पण सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि आवाजाचा मोठा भाग गाडी निघून गेल्यावर मागच्यांना सोसावा लागतो. पुढच्याला सावध करायला हॉर्न आहे. दुसरी ओळखीची. गावातल्या तरुणाला कोणी विचारत नाही, बुलेट आली की माना वळतात. ही भूक खरी आहे आणि तिला हिणवून काही साधणार नाही. मात्र दचकून वळलेली मान आदराने वळलेली नसते, आणि त्या तरुणाला हवा असतो तो आदर.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मिरवणुकीतला डीजे याहून कितीतरी मोठा वाजतो, मग बुलेटवाल्यालाच का धरायचे? यात तथ्य आहे. पण त्यातून फटाका सायलेन्सर निर्दोष ठरत नाही. डीजेही दोषी ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली चर्च ऑफ गॉड प्रकरणात म्हटले की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, आणि 2005 च्या निकालात आवाजापासून मुक्त राहणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये, आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे स्पष्ट केले. जयंती, उरूस, गणपती, लग्नाची वरात, या सगळ्यांना एकच माप लावले नाही तर बुलेटवाल्याची तक्रार न्याय्यच राहील.

दंडाच्या तरतुदी कमी नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 190(2) खाली ध्वनिमर्यादा मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात आणि तीन महिने परवाना जाऊ शकतो. परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास कलम 182-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी जप्त सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवले. नळकांडी चेपली, पण विकणारे दुकान आणि बसवणारा मेकॅनिक बहुतेक वेळा त्या कारवाईबाहेर राहतात. अहिंसेच्या विचारात करणारा, करवणारा आणि अनुमोदन देणारा असे तिघेही दोषाचे वाटेकरी धरले जातात. त्या हिशेबाने पैसे देणारे वडीलही सुटत नाहीत.

यातून बाहेर पडणे अवघड नाही. कंपनीचा मूळ सायलेन्सर परत बसवण्याचे काम साध्या पान्यांनी होते, आणि त्यासाठी आरटीओची वेगळी परवानगी लागत नाही.