समासातली पेन्सिल

बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात मराठीच्या मॅडमनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक काम दिले. शंभर वर्षांहून जुने, कोणाला तरी काही पटवून देण्यासाठी लिहिलेले मराठी लेखन निवडायचे आणि ते आपल्या वाचकाला कसे वळवते ते चार-पाच पानांत मांडायचे. "त्यात काय सांगितलंय ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "कसं सांगितलंय ते लिहा. आणि तसंच का सांगितलं, तेही."

कोणी 'केसरी'चे अग्रलेख घेतले, कोणी लोकहितवादींची 'शतपत्रे', कोणी आगरकर. मेहकरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' घेतला. चिखलीहून रोज एसटीने येणाऱ्या मुलीने ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' घेतली. ताराबाई बुलढाण्याच्या, वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुढे ते लोकांच्या नजरेआड गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले. आज मराठीतल्या स्त्रीवादी लेखनाची चर्चा या पुस्तकाला वगळून होऊच शकत नाही. तरीही ताराबाईंच्या स्वतःच्या जिल्ह्यात ते किती घरांत असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

चिखलीची मुलगी हुशार होती. शाळेपासून अलंकार ओळखण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिने पुस्तक दोनदा वाचले, खुणा केल्या आणि एका रात्रीत निबंध उतरवला. सुरुवातीला ॲरिस्टॉटल आला. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद या तीन बळांवर माणूस दुसऱ्याला पटवतो, हे त्याचे म्हणणे मॅडमनी वर्गात शिकवले होते. तिने त्या तिन्हींचे मथळे केले आणि प्रत्येकाखाली उदाहरणे लावली. ताराबाई प्रश्न विचारतात, उपरोधाने बोलतात, म्हणी वापरतात, पुराणातले दाखले देतात. शेवटचे वाक्य होते : अशा प्रकारे लेखिकेची भाषा अत्यंत प्रभावी व ओजस्वी आहे.

तो निबंध जसाच्या तसा तपासायला गेला असता तर चांगले गुण मिळाले असते, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे अशा निबंधांना गुण मिळतात. पण या मॅडमनी आधी जोड्या लावल्या आणि निबंधांची अदलाबदल करायला सांगितली. अटी थोड्याच होत्या. शुद्धलेखन तपासायचे नाही. 'छान' लिहायचे नाही. हातात पेन्सिल घ्यायची आणि वाचताना जिथे अडकलात तिथे समासात प्रश्न लिहायचा, म्हणजे जे खरोखर विचारावेसे वाटले तेच.

तिची जोडी मेहकरच्या मुलाशी लागली. तो वर्गात फारसा बोलत नसे आणि त्याचे गुणही बेताचे असत. त्याने परत दिलेल्या कागदांवर फार काही लिहिलेले नव्हते. प्रश्नार्थक वाक्यांच्या यादीशेजारी होते : हे प्रश्न कोणाला? 'प्रस्तावनेत लेखिका नम्र आहे' या वाक्याशेजारी : एवढी नम्र, मग पुढं अशी कशी बोलते? आणि 'प्रभावी व ओजस्वी'च्या खाली : म्हणजे वाचणाऱ्याचं काय झालं?

तिला राग आला. मधल्या सुट्टीत तिने त्याला गाठले.

"तुला अलंकार तरी कळतात का रे? एवढं सगळं लिहिलंय, त्यातलं काहीच दिसलं नाही?"

"अलंकार मले नाही कळत," तो म्हणाला. "पण पुस्तक म्या वाचलं. तू घेतलं म्हणून घरी नेलं होतं. वाचताना लय राग आला. ती बाई मलेच बोलून राहिली, असं वाटलं. पण चार-दोन पानांनी तो राग कुठं गेला कोण जाणे, अन् लाज वाटाले लागली. हे कसं झालं, ते तुह्या निबंधात शोधलं. नाही सापडलं."

तिच्याजवळ उत्तर नव्हते. परतीच्या एसटीत ती पुस्तक उघडून बसली आणि तेव्हा तिच्या लक्षात आले की आपण ते आजवर ताराबाईंच्या पाठीशी उभे राहून वाचत होतो. त्या बोलत होत्या आणि आपण मान डोलावत होतो. पण पुस्तक मान डोलावणाऱ्यांसाठी लिहिलेलेच नव्हते. ते समोरच्या पुरुषाला उद्देशून होते आणि असा एक पुरुष तिच्या वर्गात, तिच्याच बाकाच्या मागे बसत होता.

दुसरा खर्डा लिहिताना तिने ग्रंथालय पालथे घातले. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ उठला. 'पुणे वैभव'सारख्या पत्राने एका बाईच्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंचे पुस्तक त्या गदारोळातून जन्मले. हे सारे तिने पहिल्या दीड पानात तारीखवार मांडले आणि मग जुनी अलंकारांची यादी पुन्हा जोडली.

मुलाचा पेन्सिलीचा शेरा आला : माहिती लय कामाची आहे. पण इथं निबंध थांबला. माहिती सरल्यावर परत चालू झाला.

या वेळी ती रागावली नाही. कारण मधल्या काळात तिने त्याचा निबंध वाचला होता. फुल्यांचा 'असूड' १८८३चा. त्याने लिहिले होते की वाक्ये फार लांब आहेत, हा या पुस्तकाचा दोष आहे. तरी एकंदरीत लेखन प्रभावी आहे. तो 'प्रभावी' वाचून ती थबकली. तिच्या निबंधातला शब्द दुसऱ्याच्या कागदावर तिला परका दिसला, आणि म्हणूनच त्याचा पोकळपणा दिसला. तिने समासात लिहिले : फुल्यांनी हे लोकांना वाचून दाखवलं होतं ना? मग तू मोठ्यानं वाचून पाहिलंस का?

त्याने ते मनावर घेतले. संध्याकाळी अंगणात बसून वडिलांना दोन पाने वाचून दाखवली. कागदावर लांबलेले वाक्य आवाजात आले तेव्हा त्यातल्या तक्रारी एकीवर एक चढत गेल्या. सारा, सावकार, कोर्टकचेरी, भट कामगार. शेतकऱ्याला मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही, तशी वाचणाऱ्यालाही मिळत नव्हती. वडील वाक्य संपण्याची वाट पाहत कान देऊन बसले होते. फुल्यांनी हे पुस्तक छापण्याआधी ठिकठिकाणी लोकांसमोर वाचले होते, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले होते. ही माहिती मुलाला आधीपासून ठाऊक होती. तिचा लांब वाक्यांशी काही संबंध असेल, हे मात्र त्याला त्या अंगणात कळले. त्याने 'दोष' शब्द खोडला आणि ते पान नव्याने लिहिले.

मुलीच्या तिसऱ्या खर्ड्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण खरे शिकणे तिथे झाले. तिने बरेचसे काढून टाकले. म्हणी गेल्या, उपरोध गेला, ॲरिस्टॉटलचे मथळे गेले. तिने फक्त दोन जागा ठेवल्या आणि त्यांच्यापाशी ती बसून राहिली.

पहिली जागा सावित्रीची. नवऱ्याचे प्राण परत आणायला सावित्री यमापर्यंत गेली. बायकोसाठी त्या वाटेने निघालेला एखादा पुरुष कोणी ऐकला आहे का, असे ताराबाई विचारतात. पहिल्या खर्ड्यात या ओळीपुढे तिने 'पुराणातील दाखला' असे लिहून पुढचे काम सुरू केले होते. आता तिने त्या काळचा पुरुष वाचक डोळ्यांसमोर आणला. सावित्रीची कथा त्याच्या घरातली, त्याला पूज्य असलेली. बायकोने वटपौर्णिमा करावी म्हणून तोच ती सांगत आलेला. त्यामुळे हा पुरावा त्याला नाकारता येत नाही. आणि ताराबाई निष्कर्ष सांगत नाहीत, प्रश्न टाकतात. उत्तर द्यायचे तर वाचकाने स्वतःच्या आठवणीतली सगळी पुराणे धुंडाळायची. तो शोधत राहतो आणि त्याला असे नाव सापडत नाही. ताराबाईंनी केलेला आरोप त्याच्या स्वतःच्या तोंडून सिद्ध होतो. मेहकरच्या मुलाचा राग जिथे ओसरला ती जागा हीच होती; तिने त्याला विचारून खात्री करून घेतली. सुरतेची हकीकतही आता आपोआप जागेवर बसली. वर्तमानपत्रांनी एका स्त्रीवरून साऱ्या स्त्रियांचा निवाडा केला होता. ताराबाई त्याच रीतीने पुरुषांकडे एक तरी उलट उदाहरण मागत होत्या.

दुसरी जागा प्रस्तावनेची. तिथे ताराबाई सांगतात की आपण घराच्या चार भिंतींत अडकलेली अल्पबुद्धी स्त्री आहोत आणि हा आपला पहिलाच प्रयत्न आहे. मुलीने ही नम्रता खरी की खोटी यावर पानभर खल केला आणि तो पानभर मजकूर खोडला. मुलाचा प्रश्न तसा नव्हताच. एवढी नम्र बाई पुढे अशी कशी बोलते, असे त्याने विचारले होते, म्हणजे त्या दोन आवाजांचे आपसात काय नाते आहे, असे. तिने लिहिले : १८८२ साली बाईच्या हातचे पुस्तक उघडणारा वाचक पहिला प्रश्न 'हिला काय अधिकार?' असाच करणार. ताराबाई तो आक्षेप स्वतःच मांडून मोकळ्या होतात. प्रस्तावनेनंतर त्यांचे अज्ञान काढून दाखवण्यात काही उरत नाही. शिवाय, जिला चार भिंतींबाहेर जाऊ दिले नाही तिला एवढे दिसते, तर बाहेर वावरणाऱ्यांना का दिसले नाही, हा प्रश्न न विचारताच उभा राहतो.

मला हे विवेचन पटते. कोणी वेगळे वाचेल, त्या नम्रतेत निव्वळ त्या काळची रीत पाहील, आणि तसे वाचायलाही आधार आहे. पण आता वाद घालण्यासारखे काहीतरी त्या पानावर होते. 'प्रभावी व ओजस्वी'शी वाद घालता येत नाही.

शेवटच्या खर्ड्यावर मुलाने समासात एकच ओळ लिहिली : आता मले माहा राग समजला. मॅडमनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला, आणि पेन्सिलीच्या खुणा असलेले आधीचे दोन खर्डेही टाचण लावून सोबत ठेवून घेतले. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या हे तिन्ही खर्डे दाखवणार आहेत.

ताराबाईंच्या वाट्याला असा वाचक क्वचित आला. पुस्तकावर कडवट टीका झाली. १८८५ मध्ये जोतीरावांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळालेले नाही. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. निबंधावर लाल शाईने गुण घालण्याआधी तो एकदा वर्गातल्याच दुसऱ्या कोणाच्या हातात द्या, शक्यतो ज्याचे मत लेखकाशी जुळत नाही अशाच्या, आणि त्याला प्रामाणिकपणे प्रश्न विचारू द्या. मग मूळ निबंध परत देऊन लिहिणाऱ्याला आणखी एक आठवडा द्या.