गणपतीत पाळी आली तर?

शंका : गौरी-गणपतीला आमच्याकडे मुंबईहून वीसेक माणसं येतात. त्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून तीन वर्षं मी मेडिकलमधून गोळ्या आणून घेते. यंदा डोकं भयंकर दुखलं, मागाहून अंगावरून खूप गेलं. सासूबाई मायाळू आहेत, पण ‘बाहेरची बाई वावरलेली देवाला चालत नाही’ म्हणतात. गोळ्या सोडल्या तर देवाचा अपराध होईल का?
– एक सून, रत्नागिरी तालुका

समाधान : ताई, आधी गोळीचं बोलू, देव थांबेल. पाळी लांबवायला बहुधा देतात ती नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे हार्मोन. डॉक्टरांनी तपासून थोडे दिवस दिली तर बहुतेकींना सोसते. पण अर्धशिशी, यकृताचा आजार किंवा पूर्वी रक्तात गुठळी झालेली असेल तर ती धोक्याची ठरू शकते. दिवस राहिले असतील तर घ्यायचीच नाही. मेडिकलवाला यातलं काही विचारत नाही, पट्टी कागदात गुंडाळून देतो.

आता देव. पार्वतीने अंगावरच्या मळापासून ज्याला घडवलं, त्याला बाईच्या अंगाचा विटाळ होतो, हे मला कधीच पटलेलं नाही. सासूबाई ऋषिपंचमीचा दाखला देतील. पाळीत नकळत झालेल्या शिवाशिवीसाठीच ते व्रत सांगितलंय, हे खरं. पण म्हणजे शिवाशिव होणार हे व्रत सांगणाऱ्यांनीही धरलेलं होतं! उतारा त्यांनी उपवासाचा सांगितला, औषधाचा नाही. आणि सोयर-सुतक आलं की आपण काय करतो? शेजारी नाहीतर गुरुजी पूजा करतात, गणपती गोड मानून घेतो. बाळंतपण पुढे ढकलायची गोळी कुणी मागत नाही.

आपल्याच रत्नागिरीत 1931 साली पतितपावन मंदिर उघडलं. सावरकरांनी पुढाकार घेतला, भागोजीशेठ कीरांनी पैसा ओतला आणि जातीची शिवाशिव गाभाऱ्यापर्यंत मोडली गेली. तीही तेव्हा धर्मच म्हणून पाळली जात होती. देवळातली गेली ती गेली, स्वयंपाकघरातली मात्र अजून चुलीपाशी ठाण मांडून आहे.

तुम्ही उद्याच बंड करा, असं मी म्हणणार नाही. वीस पाहुण्यांसमोर वाद नकोच. सासूबाईंना आताच, एकटीला गाठून, डोकेदुखीचं आणि रक्तस्रावाचं सगळं सांगा. मायाळू बाई बहुधा तिथेच विरघळेल. नाहीच ऐकलं, तर पाळीत तुम्ही सरळ बाजूला बसा आणि मोदक मुंबईकर भावजींना वळू द्या. कळ्या वाकड्या पडतील, पडू देत. तेवढीच तुम्हाला विश्रांती.

अपराध होत नाही. उरलेली पट्टी घेऊन याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, आणि यजमानांना बरोबर न्या.