चिंगीची बाग

मांजरापायी घरात नीतिशास्त्राची चर्चा होईल, असं कोणी पूर्वी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर हाच विषय आहे: आमच्या चिंगीच्या बागेतून शेजारच्या मांजरांना हाकलायचा आम्हाला काय अधिकार?

मुळात ‘चिंगीची बाग’ म्हणणंच वादाचं. कागदोपत्री ती आमची, आणि कर्ज फिटेपर्यंत थोडी बँकेचीही. मांजरांचा सातबारा मात्र वासावर लिहिलेला असतो. गाल घासायचे, नखं ओढायची, फवारा मारायचा, झाली नोंद! एकाच वाटेवरून दोन मांजरं वेगवेगळ्या वेळी जातात, समोरासमोर येणं टाळतात. पण आमच्यासारख्या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत दर दोन घरांमागे एक मांजर, तिथे हे वेळापत्रक कसं टिकणार?

माझ्या मेथीच्या वाफ्यात कोणी उकरलं, तर तो प्रश्न फार तर भाजीचा. शेजारचा काळा-पांढरा बोका मात्र मांजरदारातून थेट आत येऊन चिंगीचं खाणं फस्त करू लागला, आणि ती बाहेर जायचीच बंद झाली. सोफ्यामागे शू करू लागली. भीतीमुळे होतंय, असं डॉक्टर म्हणाले.

इंग्लंडचा कायदा इथे फारसा उपयोगी नाही. १९६८ च्या चोरीविषयक कायद्याप्रमाणे मांजर ही मालमत्ता आहे, २००६ च्या प्राणीकल्याण कायद्याप्रमाणे तिला विनाकारण यातना देणं हा गुन्हा आहे. पण ती दुसऱ्याच्या बागेत नुसती फिरली, तर साधारणपणे मालकाला कोणी जबाबदार धरत नाही. माणसाला नसलेली मोकळीक!

मुलीचं म्हणणं, ‘आई, त्या बोक्याला कुंपण म्हणजे काय तेच कळत नाही, मग शिक्षा कसली?’ हे म्हणतात, हाकलणं म्हणजे शिक्षा नव्हे. मला यांचं पटतं, पण अर्धंच. हाकलायचा अधिकार मालकीतून येत नाही, जबाबदारीतून येतो. चिंगीला आम्ही आणलं, तिची नसबंदी आम्ही केली, या चौकोनाबाहेर तिला दुसरं जग आम्ही ठेवलं नाही. तेव्हा तिला निर्धास्त जागा देणं आमच्याकडे लागतं. मात्र हे देणं आमच्या खिशातून फेडायचं, बोक्याच्या कातडीतून नव्हे. मंडळातल्या एका काकांनी डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितल्या. त्या मांजरांना विषारी असतात, म्हणून तो उपाय तिथेच संपला.

बाकीचे उपाय पाहताना एक गंमत लक्षात आली. संत्र्याची सालं, कर्कश आवाजाचं यंत्र, हालचाल होताच पाणी उडवणारा फवारा, यांतल्या कशालाच आपली आणि परकी मांजर ओळखता येत नाही. बोक्यासाठी लावलेल्या फवाऱ्याखाली आधी चिंगीच भिजणार! आपपर भाव जाणणारी वस्तू एकच: मायक्रोचिप वाचून उघडणारं मांजरदार. जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये वीस आठवड्यांवरच्या पाळीव मांजरांना चिप सक्तीचीच आहे. ज्यांनी हीथ्रोवर परदेशी पासपोर्टांच्या रांगेत तासन् तास काढले आहेत, त्यांना बंद दारासमोर बसलेल्या बोक्याचा चेहरा ओळखीचा वाटेल. पण घरात तरी भेद हवाच, या मताशी मी ठाम आहे. वाफ्यावर कोंबडजाळी अंथरली, तेवढ्याने मेथीही वाचली.

उरली बाग. तिथे मी यंत्र लावलं नाही, शेजारच्या आजींच्या घरी गेले. एकट्या राहणाऱ्या बाईला तो बोकाच सोबतीला. त्याला सकाळी दहापर्यंत घरात ठेवायचं त्यांनी कबूल केलं. तेवढ्या वेळात चिंगी आपली फेरी उरकते. दहानंतर तो शेडच्या छपरावर येऊन बसतो आणि ती खिडकीतून त्याच्याकडे बघत गुरगुरते. छप्पर मी त्याला सोडून दिलंय. यांना ते अजून मान्य नाही.